काचेतलं ऊन

सकाळी साडेदहा वाजता, साइटवर सगळे ज्याला घार म्हणत त्या क्रेनवाल्याच्या बोटांची आग होऊ लागली. त्या क्षणी त्याच्या क्रेनच्या हुकाला सळयांचा जुडगा लटकत होता आणि खाली, चौदाव्या मजल्याच्या स्लॅबवर, त्याला इशारे देणारा मामा हात वर करून उभा होता. घारीने आधी जुडगा टेकवला, मामाने साखळी सोडवेपर्यंत वाट पाहिली, हूक वर घेतला आणि मगच आपल्या हातांकडे पाहिलं.

दोन्ही हातांची बोटं वरच्या बाजूने लाल झाली होती, तापल्या पत्र्याला टेकल्यासारखी. लाली नखांपासून निघून बोटांच्या मुळाशी थांबली होती. तिथून त्याचे अर्धे हातमोजे सुरू व्हायचे. लिव्हरचा अंदाज बोटांना लागावा म्हणून तो हातमोज्यांची बोटं कात्रीने कापून टाकायचा. क्रेनवर बसणारे बरेच जण तसंच करतात. त्याने एक हातमोजा काढला. आतला हात जसाच्या तसा होता.

उन्हाचा संशय त्याला आला नाही. तो उन्हात नव्हताच. टॉवर क्रेनची केबिन म्हणजे चारही बाजूंनी काच आणि पायांखालीही काच, एक माणूस जेमतेम मावेल एवढी. काचा घट्ट बंद, एसी चालू. भर उन्हाळ्यातही तो आत स्वेटर घालून बसायचा आणि खालचे लोक त्यावरून त्याची टर उडवायचे. केबिनमध्ये उजेड असतो, ऊन नसतं, हे त्याच्या डोक्यात इतकी वर्षं पक्कं बसलेलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत तो शिडी उतरून खाली आला. मामा डबा उघडून बसला होता. मामा म्हणजे त्याचा सिग्नलवाला. वयाने सगळ्यांत मोठा, समोरचे दात पडलेले, तोंडाची टकळी अखंड चालू.

“अरे बापरे. बायकोने इस्त्री फिरवली की काय?”

“लिव्हरला काहीतरी लागलं असेल, मामा.”

“लिव्हरला? मग तळहात कसा चांगला राहिला? तू काय हाताच्या पाठीने लिव्हर धरतोस?”

घारीने हात पुढे केला. मामाने त्याची बोटं आणखी जवळून पाहिली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मामाने तोंड मिटण्याचे प्रसंग थोडे. घारीला कळलं की मामालाही तेच आठवलं.

मामाच्या जागी आधी शिट्टी होता. त्याला खरं नाव होतं, पण ते हजेरीपुरतं. रेडिओवर बोलायच्या आधी तो एक बारीक शिट्टी मारायचा, म्हणजे वरच्याला कळावं की आवाज आपल्याच माणसाचा आहे. साइटवर तीन टोळ्यांचे रेडिओ एकाच वेळी केकाटत असायचे. शिट्टी, मग “घे वर”. शिट्टी, मग “डावीकडे, सावकाश, सावकाश, बस्स.” घारीने त्या आवाजावर डोळे मिटून विश्वास टाकला होता आणि शिट्टीने घारीच्या हातांवर.

पाच महिन्यांपूर्वी लोखंडी प्लेटांचा गठ्ठा खाली येत असताना तो बांधलेला पट्टा तुटला. चौकशी झाली. पट्टा बदलायची तारीख उलटून गेली होती, चूक भांडाराची ठरली, भांडारवाला घरी गेला. ऑपरेटरचा काही दोष नाही, असं साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. घारीने मान हलवली. त्याने काय पाहिलं हे चौकशीत कुणी विचारलं नव्हतं. पायांखालच्या काचेतून त्याला प्लेटांचा ढीग दिसत होता आणि ढिगाबाहेर एका हाताची चार बोटं. साइटवर दुसरी क्रेन नव्हती. प्लेटा उचलायच्या त्यालाच होत्या. त्याने एकेक करून उचलल्या, आणि तेवढा सगळा वेळ रेडिओ बोलत होता, कारण शिट्टीच्या अंगाखाली रेडिओचं बटण दाबलेलं राहिलं होतं. आधी श्वास येत होता. नंतर नुसती खरखर.

महिन्याभरातच त्याला केबिनमध्ये शिट्टी ऐकू यायला लागली. कधी सकाळी, कधी हूक रिकामा असताना. बायकोने त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा मानसोपचाराच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी एक गोळी लिहून दिली, रोज न्याहारीनंतर. हळूहळू शिट्टी विरत गेली. झोप लागू लागली. मधे ती पुन्हा तुटायला लागली तेव्हा डॉक्टरांनी गोळी वाढवली, त्याला आता तीन आठवडे होत होते. साइटवर कुणालाही यातलं काही माहीत नव्हतं. क्रेन चालवायला दर वर्षी तब्येतीचा दाखला लागतो आणि या वर्षीचा जवळ आला होता. डोक्याची गोळी खाणाऱ्याला माणसांच्या डोक्यावर वजन फिरवू देतील का, हा प्रश्न त्याने कुणाला विचारला नाही. उत्तर त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. दुसरं कुठलंही काम त्याला येत नव्हतं.

त्या संध्याकाळी बायकोने त्याची बोटं पाहिली. अपघाताच्या दिवशी ती शिट्टीच्या बायकोजवळ बसून होती आणि लोकांनी सांगितलेलं सगळं, त्या चार बोटांचंही, तिच्या कानांवर पडलं होतं. तिने परातीत गार पाणी आणलं आणि त्याचे हात धरून त्यात बुडवले.

सुट्टीचे दोन दिवस तो पडदे ओढून घरात पडून राहिला. आग शमली, लाली उतरली. सोमवारी केबिनमध्ये बसल्यावर दोन तासांत ती परत आली. या वेळी डावा कानही पेटला. रेडिओ त्याच बाजूला टांगलेला असायचा. आणि सकाळचं ऊन काचेच्या त्याच बाजूने आत यायचं, पण त्याच्या मनात फक्त रेडिओ आला. जे काही होतं ते वर होतं, केबिनमध्ये. घरी त्याच्या मागे येत नव्हतं.

त्वचेच्या डॉक्टर म्हणजे एक घाईतल्या बाई. त्यांच्या दाराशी माणसांची रांग.

“काम काय करता?”

“क्रेन चालवतो.”

“उन्हात?”

“नाही, मॅडम. बंद काच असते. एसी.”

“काही औषधं चालू? बीपी, शुगर, आणखी काही?”

“काही नाही.”

पहिलं उत्तर त्याला मनापासून खरं वाटत होतं. दुसरं खोटं होतं हे त्याला माहीत होतं. दोन्ही एकाच दमात गेली. कानाचं तो बोललाच नाही.

बाईंनी विचारलं, लिव्हर कशाने पुसता? रोज सकाळी मेकॅनिक कसल्याशा उग्र वासाच्या द्रवाने पुसतो, असं त्याने सांगितलं. झालं, मग त्याचीच अ‍ॅलर्जी असणार. साध्या पाण्याने पुसा. मलम लावा. आणि ते हातमोजे काढून ठेवा, घाम साचतो आत, हाताला जरा हवा लागू द्या.

त्याने सांगितल्याप्रमाणे केलं. हातमोजे घरी ठेवले, लिव्हर पाण्याने पुसले, मलम चोपडलं. चौथ्या दिवशी दुपारपर्यंत लाली बोटांच्या मुळाशी थांबली नाही. पंजाची सगळी पाठ पेटली होती, थेट मनगटापर्यंत, जिथे स्वेटरची बाही सुरू होत होती. पाण्याने भरलेले बारीक फोड आले होते.

घारीने तो हात काचेसमोर धरला. खाली, खूप खाली, मामा पाणी पीत होता. आधी बोटं होती. आता पूर्ण पंजा होता. ढिगाखाली अडकलेला माणूस असाच बाहेर येईल, असं त्याच्या मनात आलं, आणि एकदा आल्यावर ते जाईना. आधी बोटं, मग पंजा, मग कोपर.

घरी आल्यावर तो दारातच म्हणाला, “तो बाहेर येतोय.”

बायकोने शिवणयंत्र थांबवलं. ती आसपासच्या लोकांचे कपडे शिवून द्यायची. दोऱ्याचं टोक अजून तिच्या दातांत होतं. तिने ते तोडलं.

“कोण, ते विचारत नाही मी,” ती म्हणाली. “उद्या रजा टाका. मी येते बरोबर.”

“त्या बाईंना काही कळत नाही.”

“त्यांना तुम्ही कळू दिलंत तर ना.”

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तो खुर्चीत बसायच्या आत तिने गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली. “डॉक्टर, हे या गोळ्या घेतात. लाजतात, म्हणून सांगितलं नाही. गेल्या महिन्यात वाढवल्यात.”

बाईंनी पट्टी उलटून नाव वाचलं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, दिवा जवळ घेतला आणि पहिल्या खेपेला न पाहिलेल्या जागा पाहिल्या. कान. मानेची डावी बाजू. हनुवटीखाली मात्र काही नव्हतं, तिथे सावली असते.

“हे आधी सांगायला हवं होतंत. फार जणांना होत नाही, पण अशा काही गोळ्यांनी कातडी उजेडाला हळवी होते. दुसऱ्याला काही होणार नाही एवढ्या उन्हात तुम्ही भाजता.”

“पण मी उन्हात बसतच नाही.”

“कशात बसता?”

“काचेत.”

“बंद काच गरम हवा अडवते. भाजणारे काही किरण साध्या काचेतून सरळ आत येतात. एसीमुळे चटका जाणवत नाही, म्हणून तुम्ही तासन्‌तास बसून राहता.” त्या जरा थांबल्या. “हातमोजे काढायला मीच सांगितलं. ते चुकलं. पूर्ण बोटांचे घाला. काचेला किरण अडवणारी फिल्म लावून घ्या. आणि गोळी मनाने बंद करायची नाही. ज्यांनी दिली त्यांना भेटा, ते बदलून देतील. एकदम बंद केलीत तर भलतंच होऊन बसेल.”

बाहेर पडल्यावर बायकोचा चेहरा किती दिवसांनी मोकळा झाला होता. ती चालता चालता हातमोज्यांचं कापड कुठलं घ्यायचं ते बोलत होती. घार रस्त्याच्या सावलीच्या बाजूने चालत होता.

“म्हणजे तो नव्हताच,” तो म्हणाला.

“नव्हता. औषध होतं.”

त्याची पावलं मंदावली. तिने थांबून त्याच्याकडे वळून पाहिलं.

“अहो, तुम्हाला काय तो हवाय?”

तो पुढे चालू लागला. पाच महिन्यांत त्याला कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. साहेबांनी दोष नाही म्हटलं, शिट्टीच्या बायकोने त्याच्यापुढे चहा ठेवला, मामाने विषय टाळला. त्या फोडांमध्ये कुणीतरी जाब विचारायला आलं आहे, असं त्याला वाटलं होतं. आता तेही राहिलं नाही.

फिल्म लावायची तर साहेबांना सांगावं लागणार होतं. साहेब विचारणार, इतकी वर्षं लागली नाही, आताच का? तिथून गोष्ट गोळीपर्यंत, गोळीवरून दाखल्यापर्यंत. मानसोपचाराच्या डॉक्टरांची वेळ बायकोने पुढच्या महिन्यातली घेतली, त्याआधीची नव्हती. घारीने त्या रात्री एक सोपी वाट काढली. बायकोने शिवलेले हातमोजे तो घालायचा, मलम लावायचा आणि न्याहारीनंतर गोळी जिभेखाली ठेवून मोरीत थुंकायचा.

हात बरे झाले. वाळलेली कातडी पापुद्र्यांनी निघाली आणि खालून गुलाबी, नवा हात आला. बायकोने तो मामाला दाखवायला सांगितलं, आणि मामानेही तोंड भरून कौतुक केलं. “सूनबाईच्या हाताला गुण आहे. माझ्या कवळीचं माप घेतील का, विचार.”

डोक्यात मात्र काहीतरी बिघडलं होतं. मान वळवली की आत वीज चमकल्यासारखा झटका बसायचा. झोप पुन्हा उडाली. त्याने ते अंगावर काढलं. दाखला मिळेपर्यंत रेटायचं, मग बघू, असं त्याने स्वतःला बजावलं.

त्या मंगळवारी जिन्याचा तयार तुकडा सोळाव्या मजल्यावर चढवायचा होता. काँक्रीटचा अख्खा तुकडा, पायऱ्यांसकट. मामा जिन्याच्या पोकळीच्या काठावर उभा होता. तुकडा त्याच्या डोक्यावरून आणून, फिरवून, पोकळीत सोडायचा. अशा कामात वरच्याला खालचं अर्धं दिसत नाही. तो रेडिओवर चालतो.

“आण, आण,” मामा बोलत होता. “अजून हातभर. सावकाश.”

मग शिट्टी वाजली.

बारीक, ओळखीची, बोलण्याआधीची. घारीचा हात लिव्हरवर थिजला. तुकडा मामाच्या वर थांबला आणि हलकेच झुलू लागला. शिट्टीनंतर शब्द यायचे असतात. तो शब्दांची वाट पाहत राहिला. घे वर की सोड खाली, एवढंच सांग, असं तो मनात म्हणत होता. आणि आपण ते ऐकणार आहोत, मामाचं नाही, हे त्याला लख्ख कळत होतं.

“काय रे, झोपलास का?”

तुकडा पुन्हा एकदा झुलला.

“घार! अरे बाबा, ओझं आहे माझ्या टाळक्यावर!”

“मामा,” त्याने बटण दाबलं. स्वतःचा आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला. “तुम्ही शिट्टी मारलीत?”

रेडिओ खरखरला.

“मला कुठली येतेय शिट्टी? फू केलं की वारा जातो नुसता.” मग मामाचा सूर बदलला. “कुणीही मारलेली नाही. ऐकतोयस ना? मी बाजूला होतोय. पूर्ण बाजूला. मी सांगेपर्यंत कशाला हात लावू नकोस.”

पायांखालच्या काचेतून त्याने मामाला मागे सरकताना पाहिलं, भिंतीला पाठ लागेपर्यंत. मग मामा बोलत राहिला, न थांबता, नेहमीच्या टकळीपेक्षा सावकाश, मधे श्वासाएवढीही फट न ठेवता. घारीने त्या आवाजाला धरून तुकडा तिथून दूर नेला आणि मोकळ्या स्लॅबवर टेकवला. क्रेन बंद केली. उतरताना शिडीवर त्याला दोनदा थांबावं लागलं.

खाली मामा एकटाच उभा होता. घारीने सगळं सांगितलं. गोळी, हात, दाखला, मोरी.

“म्हणजे इतके दिवस,” शेवटी मामा म्हणाला, “तू हात वाचवत होतास, आणि मी त्या हातांखाली उभा होतो.”

“चुकलं, मामा.”

“शिट्टीला तरी माहीत नव्हतं पट्टा कुजलाय ते. तुला तुझं माहीत होतं.” त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढून काखेत मारलं. “साहेबांना तू सांगतोस, का मी सांगू?”

“मी सांगतो.”

त्याने त्याच दिवशी सांगितलं. साहेब ओरडले नाहीत, त्यामुळे त्याला जास्त भीती वाटली. त्याला भांडारात बसवलं, पट्टे आणि साखळ्या तपासायला. बायकोला मोरीचं कळलं तेव्हा तिने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवसापासून गोळी आपल्या हाताने द्यायला लागली. तो गिळेपर्यंत ती समोरून हलायची नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी वेळ अलीकडे घेतली, गोळी बदलली. नवी गोळी कातडीला मानवली. शिट्टी पुन्हा ऐकू आली नाही, पण भांडारात रेडिओही नव्हता, त्यामुळे या गोष्टीला काही अर्थ आहे का, हे त्याला सांगता येईना.

कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला आठवडाभराच्या अंतराने दोनदा तपासलं. आपल्या बाजूने हरकत नाही, असं ते म्हणाले. मात्र आधी एक चाचणी, हलक्या वजनाची, साहेबांसमोर. आणि खाली उभा राहणारा माणूस राजी असला पाहिजे. त्याच्यावर जबरदस्ती नाही. मधल्या काळात साहेबांनी केबिनच्या काचांना फिल्म लावून घेतली. बाजारात मिळाली ती, गडद, आरशासारखी चमकणारी.

मामाला विचारलं तेव्हा तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. “बघतो,” म्हणाला, आणि गावी जाऊन आला.

आज गुरुवार, चाचणीचा दिवस. घार सकाळीच शिडी चढला. न्याहारीनंतरची गोळी बायकोने दिली होती, त्याने गिळली होती. केबिनमध्ये पूर्वीचा उजेड नव्हता, संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. हातमोजे चढवले, रेडिओ लावला. रेडिओवर आवाज नव्हता. ही शांतता नुसती शांतता आहे की काही बोलण्याआधीची, ते त्याला ठरवता आलं नाही.

खाली साहेब बाजूला उभे होते. हुकाखाली वाळूच्या गोण्यांची पाटी साखळीला लावून तयार होती. नऊच्या सुमारास मामा आला. कुणाशी न बोलता पाटीजवळ गेला, साखळी ओढून पाहिली, चार पावलं मागे सरला आणि मान वर केली.

घारीने काचेजवळ हात नेऊन हलवला. मग त्याच्या लक्षात आलं की फिल्ममुळे खालून आतलं काही दिसत नसणार. मामाला काचेत फक्त आकाश दिसत असेल. आत कोण बसलंय, त्याचा चेहरा कसा आहे, हात कुठे आहेत, काही नाही.

मामा तसाच वर पाहत उभा आहे. रेडिओचं बटण त्याने दाबलेलं नाही. पाटी उचलायला सांगणारा त्याचा हात अजून वर गेलेला नाही.